दोघांनाही नको असलेली पेटी

माझ्या थोरल्या भावाला खरेदी करता येत नाही. त्याला फक्त खरेदीची तयारी करता येते. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत तो गेली एकोणीस वर्षे झडपा, पंप आणि जाळ्या यांची तपशीलपत्रके लिहीत आला आहे. त्यामुळे त्याच्या मनाची घडणच अशी झाली आहे की वस्तू प्रत्यक्ष घरी येणे हा त्याला खरेदीचा शेवट वाटत नाही, तिच्यात झालेला अपघात वाटतो. मी स्वतः वजनकाटे आणि मोजपट्ट्या तपासणाऱ्या प्रयोगशाळेत आहे. दुसऱ्याने केलेले मोजमाप चुकले आहे हे सिद्ध करण्याचा मला पगार मिळतो, आणि खरे सांगायचे तर तो मिळाला नसता तरी हे काम मी आवडीने केले असते. असे दोन भाऊ एका छपराखाली राहतात तेव्हा त्या घरातल्या तिसऱ्या माणसाचे काय होत असेल, याचा विचार वाचकाने करावा. आम्ही दोघांनी तो कधी केला नाही.

ते तिसरे माणूस म्हणजे वहिनी. वहिनी गवतांची चित्रे काढतात. पडीक जमिनी, रस्त्यांच्या कडा, रेल्वेरुळांमागचे चर अशा ठिकाणी भिंग घेऊन त्या बारा वर्षे हिंडल्या आणि त्यांनी तीनशे बारा जातींची गवते कुसळाकुसळानिशी कागदावर उतरवली. त्यांतली तेरा ज्या दलदलीत सापडली होती तिच्यावर आता भराव घालून गोदामे उभी आहेत. तीन वर्षांपूर्वी कपाटामागच्या भिंतीतला नळ फुटला आणि मूळ चित्रांचा लगदा झाला. उरली ती त्यांची स्कॅन केलेली रूपे आणि भिंगातून घेतलेली छायाचित्रे. हा सगळा ऐवज दोन बाहेरच्या हार्ड डिस्कांवर होता: जुनीवर पहिली एकशे अठरा गवते, नवीवर पुढची एकशे चौऱ्याण्णव. एकीत जे होते ते दुसरीत नव्हते. एका प्रकाशकाने पुस्तक स्वीकारले होते, करार झाला होता, आणि गवतांच्या हंगामाच्या अखेरीस सगळ्या फायली त्याच्या हाती पडायच्या होत्या.

एके दिवशी सकाळी वहिनी जुनी डिस्क हातात घेऊन स्वयंपाकघरात आल्या.

"अहो, हे टक्टक् करतंय."

दादाने ती कानाला लावली. "पंखा असेल आतला."

"यात पंखा नसतो," मी म्हणालो.

"मग जे असेल ते."

"जे असेल तेच बिघडलंय, दादा."

वहिनींनी डिस्क आमच्या दोघांच्या मधोमध टेबलावर ठेवली. "तुमचं ठरलं की मला सांगा काय करायचं ते," त्या म्हणाल्या. आजवर त्यांनी उच्चारलेले हे सर्वांत महागात पडलेले वाक्य असावे.

दादाने दोन दिवसांत तीन पानी टिपण तयार केले. घराला स्वतःचा साठवण-सर्व्हर हवा, असा त्याचा आशय. म्हणजे फडताळात मावेल एवढी लहान पेटी. तिच्यात एकाहून अधिक डिस्का. प्रत्येक गोष्ट दोन डिस्कांवर एकाच वेळी लिहिली जाणार, म्हणजे एक मेली तरी दुसरी जिवंत. आणि घरातल्या कोणत्याही संगणकावरून ती उघडता येणार. कल्पना उत्तम होती. मी तत्त्वतः मान्यता दिली. आमच्या घरात तत्त्वतः मान्यतेइतकी विनाशक गोष्ट दुसरी नाही.

इथे आमच्या घरचा एक नियम सांगणे भाग आहे. काही वर्षांपूर्वी कपडे धुण्याचे यंत्र घ्यायचे होते. दादाला वरून उघडणारे हवे होते, मला समोरून. चार महिने खल चालला, आणि तेवढे दिवस वहिनी हाताने कपडे धूत होत्या. शेवटी एक दिवस बादली आपटून त्या म्हणाल्या, "दोघांनाही नको असेल असं एखादं तिसरं आणा आणि मिटवा!" त्या चिडून बोलल्या होत्या. आम्ही मात्र त्यात न्यायाचे एक तत्त्व पाहिले. मतभेद झाला तर तिसरा पर्याय, हे आम्ही कलम म्हणून स्वीकारले आणि पुढे पडदे, दिवे, टेबल, सगळे त्याच कलमाने आले. आमच्या घरी कोणी पाहुणा आला की भोवताली नजर फिरवून गप्प बसतो, त्याचे कारण हेच.

पेटीपासून सुरुवात झाली. दादाला चार खणांची हवी होती.

"उद्या गरज वाढली तर?"

"गवतं तीनशे बारा आहेत, दादा. ती फायलीत उगवत नाहीत. दोन डिस्का, दोन खण."

"तू नेहमी आजचं बघतोस."

"आणि तू उद्याचं बघत बघत आज घालवतोस."

नियमाप्रमाणे तीन खणांची आली.

मग मदरबोर्ड. पेटी दिवसरात्र चालणार, तेव्हा प्रोसेसर बोर्डालाच जडवलेला आणि वीज अगदी कमी खाणारा असावा, असे दादाचे मत. प्रोसेसर सुटा असावा, म्हणजे एक बिघडले तर दोन्ही फेकावी लागणार नाहीत, असे माझे. या वादासाठी आम्ही दोघांनी महाजालावरच्या पंडितांचा आश्रय घेतला. हा वर्ग मला तोवर ठाऊक नव्हता. त्यांतला एक गृहस्थ वीस मिनिटे खोका उघडतो, आतल्या प्लास्टिकचा वास घेतो, 'घडण भक्कम आहे' असे म्हणून बोर्डावर टिचकी मारतो आणि निरोप घेतो. दुसरा वर्षभर वापरल्याच्या आविर्भावात बोलतो; त्याच्या मागच्या फळीवर ती वस्तू सीलबंद दिसते. खाली प्रतिक्रियांत तिसरा कोणी लिहितो की हे सगळे मूर्ख आहेत, आणि त्याला चौथा विचारतो की मग घ्यायचे काय. यावर तिसरा कायमचा नाहीसा होतो. दादा या लोकांची मते तक्त्यात भरत असे. मी त्या तक्त्यातली बेरीज तपासत असे. तीन आठवडे गेले.

आला तो तिसराच बोर्ड: प्रोसेसर सुटा, आणि डिस्का जोडायची तोंडे फक्त दोन. पेटीत खण तीन. तिसरा खण आपोआपच रिकामा राहिला.

मेमरीच्या वेळी मी अधिक आग्रही होतो, हे कबूल करतो. चूक आपोआप पकडून दुरुस्त करणारी मेमरी असते, तीच हवी, असे मी म्हटले. दादा हसला. "चुका पकडायला तू आहेस की घरात. साधी घेऊ." तिसरा पर्याय म्हणून आली ती लॅपटॉपची आखूड मेमरी. बोर्डाच्या खाचेशी ती नेली तेव्हा दोन्ही बाजूंनी हवा खेळत होती.

या सगळ्या काळात जुनी डिस्क फडताळात एका मऊ कापडात गुंडाळून ठेवलेली होती. पाचव्या आठवड्यात, जेवण आटोपून ताटे उचलता उचलता, वहिनींनी विषय काढला.

"मी काय म्हणते, एक साधी डिस्क आणते आणि सगळं तिच्यावर उतरवून ठेवते. तुमची पेटी होईल तेव्हा होईल."

दादाने मान हलवली. "तात्पुरती सोय केली की माणसं तिच्यावरच राहतात. कचेरीत बघतो ना मी. तात्पुरता पंप अकरा वर्षं चाललाय."

"चाललाय ना पण?"

"तो मुद्दा नाही."

वहिनींनी माझ्याकडे पाहिले. मला आठवते, त्या पाहण्यात आशा होती. भाऊ एक म्हणाला की मी दुसरे म्हणणार, यावर त्यांचा अनुभवसिद्ध विश्वास होता. आणि नेमक्या त्याच क्षणी मला एक युक्तिवाद सुचला. तो निर्दोष होता, हे मी आजही म्हणेन.

"वहिनी, आजारी डिस्क जितक्या वेळा वाचावी तितकी ती मरणाच्या जवळ जाते. तुम्ही आता ती वाचून दुसरीवर उतरवणार. मग पेटी आली की मनाची खात्री व्हावी म्हणून पुन्हा मूळ डिस्क वाचणार. म्हणजे दोन वाचनं. त्यापेक्षा तिला आता अजिबात हात लावू नये. पेटी तयार झाली की एकदाच वाचायची आणि थेट कायमच्या जागी न्यायची. एकच धोका, तोही शेवटी."

"मी दुसऱ्यांदा वाचणार नाही. वचन देते."

"तुम्ही वाचाल. मी तुम्हाला ओळखतो. तुम्ही कुलूप लावलं की तीनदा ओढून बघता."

दादा खूश झाला. "पहिल्यांदाच नीट बोललास!" तो म्हणाला, आणि आम्ही दोघे एकमेकांकडे पाहून हसलो. गेल्या कित्येक वर्षांत आमचे एकमत झाले ते या एका गोष्टीवर.

"दोघांचं जुळलं म्हणजे काहीतरी बिनसलंय," वहिनी म्हणाल्या, आणि ताटे घेऊन आत गेल्या. पण त्यांनी डिस्क आणली नाही. दोन शहाण्या माणसांनी एका सुरात सांगितले की तिसऱ्याला स्वतःच्या शहाणपणाची शंका येते. हा फार मोठा अन्याय आहे आणि तो घराघरांत रोज घडतो.

आखूड मेमरी परत करायला आम्ही दोघे दुकानात गेलो. दुकान एका जिन्याखाली होते. वायरींची भेंडोळी छताला टांगलेली, आणि गल्ल्यामागे चष्मा कपाळावर चढवलेली मालकीणबाई. तिने आमची यादी हातात घेतली, चष्मा खाली ओढला, वाचली, पुन्हा वर सरकवला.

"ही यादी कोणी केली? दोघांनी मिळून?"

"कसं ओळखलंत?" दादा म्हणाला.

"एकट्या माणसाला एवढं जमत नाही."

दादाने तिला नियम समजावून सांगितला. सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमान होता. बाईने ऐकून घेतले.

"म्हणजे यातली एकही वस्तू तुमच्यापैकी कोणालाच नको होती?"

"तसं नाही," मी म्हणालो. "वाद मिटावा म्हणून."

"वाद मिटला, छान झालं. पेटी कधी चालणार?" तिने मेमरी बदलून दिली. "आणि यात भरायचं काय आहे?"

मी गवतांचे सांगितले, टक्टक् सांगितले, कापडही सांगितले. बाईचा चेहरा बदलला. तिने मागच्या फळीवरून एक साधी डिस्क काढून गल्ल्यावर ठेवली.

"हे सगळं राहू द्या. ही घेऊन जा आणि आज, घरी गेल्या गेल्या, प्रत काढा. टक्टक् करणारी डिस्क कोणाची वाट बघत नाही. पडून असली तरी मरते."

मी तिला दोन वाचनांचा युक्तिवाद ऐकवला. व्यवस्थित, टप्प्याटप्प्याने. माझे संपल्यावर तिने डिस्क उचलून पुन्हा फळीवर ठेवली. "बरोबर आहे हो तुमचं," ती म्हणाली. "माझ्याकडे मेलेल्या डिस्का घेऊन येतात ना, त्या सगळ्यांचं बरोबरच असतं."

परत येताना दादा म्हणाला, "तिला विकायचीच होती." मीही तेच म्हणालो. हे आमचे दुसरे एकमत.

प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या पंख्याबद्दल मला थोडक्यात सांगायला आवडेल, पण ते जमणार नाही, कारण या प्रकरणात माझी इज्जत सर्वांत जास्त गेली ती इथे. दादाला भला मोठा, आवाज न करणारा पंखा हवा होता. मला प्रोसेसरबरोबर मिळणारा चपटा पंखा पुरेसा वाटत होता. तो किंचित कण्हतो, पण काम करतो. तिसरा आला तो मधला, शेहेचाळीस मिलिमीटर उंचीचा. बसवला, स्क्रू आवळले, झाकण ठेवले, आणि झाकण बसेना. पेटीच्या पत्रकात लिहिले होते: पंख्याची उंची सदतीस मिलिमीटरपर्यंत. नऊ मिलिमीटर. मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजणारे कॅलिपर त्या वेळी माझ्या शर्टाच्या खिशात होते.

"तू मोजलं नाहीस?" दादाने विचारले.

"पत्रक तुझ्या फाइलीत होतं."

"मोजायचा पगार तुला मिळतो."

"आणि पत्रकं वाचायचा तुला."

वहिनी दारात उभ्या होत्या. "झाकणाशिवाय चालत नाही का?"

"धूळ जाईल," दादा म्हणाला.

"गेली तर पुसेन मी."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, वहिनी," मी म्हणालो. आज ते वाक्य आठवले की मला दुसरीकडे कुठेतरी पाहावेसे वाटते.

आम्ही प्रत्येक भागावर भांडलो; पण हे सगळे भाग एकमेकांत बसतील का, हा प्रश्न कोणत्याही आठवड्याच्या विषयपत्रिकेवर आलाच नाही. आला असता तर त्यावरही दोन मते पडली असती, आणि उत्तर तिसरे निघाले असते. नवा पंखा यायला आणखी दोन आठवडे लागले. मग त्याच्या पट्टीचे स्क्रू वेगळे निघाले. मग साठवणीची प्रणाली कोणती बसवायची यावर एक आठवडा गेला. तो तपशील मी देत नाही.

अकराव्या आठवड्यात, एका रविवारी दुपारी, पेटी सुरू झाली. ती सुंदर चालली, हे द्वेष न ठेवता लिहिले पाहिजे. आवाज नाही, ऊब नाही, समोर एक हिरवा ठिपका. वहिनींनी नवी डिस्क जोडली. एकशे चौऱ्याण्णव गवते चार तासांत सुखरूप आत गेली. दादाने खुर्चीत मागे रेलून हात डोक्यामागे घेतले.

मग वहिनींनी कापड सोडले आणि जुनी डिस्क जोडली.

टक्टक् झाले नाही. काहीच झाले नाही. वहिनींनी वायर काढून पुन्हा लावली, मग दुसऱ्या तोंडात लावली, मग दुसरी वायर आणली. दादा म्हणाला, "थोडं थांब, गरम होऊ दे." माझ्या युक्तिवादात डिस्क पडून पडून मरण्याला जागा नव्हती. मी फक्त वाचने मोजली होती, दिवस मोजले नव्हते.

मेलेल्या डिस्कांतून माहिती काढणारी एक कंपनी मिळाली. पांढरे डगले, काचेचे दार, नळीतून येणारी स्वच्छ हवा. तीन आठवड्यांनी त्यांनी सत्तेचाळीस गवते परत दिली. एकाहत्तर गेली. दलदलीतली तेराही त्यातच होती, कारण वहिनींनी सुरुवात तिथूनच केली होती. तिथला तरुण तंत्रज्ञ सहज म्हणून गेला, "आवाज यायला लागला तेव्हाच एकदा पूर्ण वाचली असती तर बहुतेक सगळं निघालं असतं." वहिनी माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी पावतीवर सही केली.

प्रकाशकाला एक वर्ष थांबता येणार नव्हते. करारात तीनशे बारा चित्रे लिहिलेली. दोनशे एक्केचाळीस छापायची तर कारण लेखी हवे, असे संपादिकेने कळवले. दादाने त्याच दुपारी मसुदा आणला. 'अपरिहार्य तांत्रिक बिघाडामुळे' अशी त्याची सुरुवात होती. मी म्हणालो की अपरिहार्य हे खोटे आहे. दादा म्हणाला की मग तू लिही. मी लिहिले. दोन पाने झाली; त्यात माझा युक्तिवाद होता, त्यातली चूक होती, आणि ती चूक कोणाच्याही हातून कशी होऊ शकते याची मीमांसा होती.

वहिनींनी दोन्ही कागद वाचले.

"बिघाड कसला?" त्या दादाला म्हणाल्या. "डिस्क बारा वर्षं चालली. अडीच महिने ओरडून सांगत होती. तिनं आपलं काम केलं."

मग माझी दोन पाने त्यांनी घडी करून बाजूला ठेवली, संगणक पुढे ओढला आणि एक ओळ लिहिली. 'एकाहत्तर चित्रांची प्रत काढली नव्हती, ती गेली.' खाली नाव.

"एवढंच?" दादा म्हणाला. "का काढली नव्हती ते विचारतील ना."

"नाही विचारणार."

"पण यात चूक तुझी होती असं दिसतं," मी म्हणालो. घाईत मी त्यांना कधी नव्हे ते एकेरीत बोललो. "ती माझी होती. ते लिहा. माझं नाव घाला."

वहिनींनी क्षणभर माझ्याकडे पाहिले. रागाने नव्हे, आखूड मेमरीकडे दुकानातल्या बाईने पाहिले होते तसे.

"भावजी, पुस्तक गवतांचं आहे," त्या म्हणाल्या. "तुमचं नाही."

त्यांनी पत्र पाठवून दिले. मग पिशवीत भिंग, वही आणि चपट्या पुठ्ठ्यांची जोडी भरली आणि बाहेरचे बूट घातले. हरवलेल्यांपैकी अठ्ठावन्न पुन्हा सापडण्याजोगी होती. हंगाम उलटायला थोडेच दिवस उरले होते, आणि पुस्तकात नाही तरी घरात ती असावीत, असे त्यांनी ठरवले होते. त्या वेळी आम्हाला हेही ठाऊक नव्हते. ते नंतर त्यांच्या वहीतल्या यादीवरून कळले.

"आम्ही येऊ का?" दादाने दारातून विचारले.

"नको. एका काडीवर दोघांचं एकमत होईतो ऊन उतरेल."

त्या गेल्या. दादा आत आला आणि पेटीसमोर बसला. हिरवा ठिपका चालू होता. थोड्या वेळाने तो म्हणाला की तिसऱ्या खणात आता एक डिस्क घालायला हवी, सुरक्षिततेसाठी. त्यासाठी वेगळे कार्ड लागेल; तशी दोन प्रकारची मिळतात.

मी त्याला कोणती दोन, ते विचारले नाही. दुकान सातपर्यंत उघडे असते. मी चप्पल घालून बाईकडे गेलो आणि तिने त्या दिवशी गल्ल्यावर ठेवली होती तसली साधी डिस्क मागितली.

"भाऊ कुठे आहेत?" तिने विचारले.

"त्याला विचारलं नाही."

तिने चष्मा खाली घेऊन मला नीट पाहिले, डिस्क दिली, आणि म्हणाली, "दोन महिने उशीर झाला हो तुम्हाला."

मी होय म्हणालो. त्यावर वाद घालण्याजोगे काही नव्हते.